गोठ्यातली पिवळी गाडी

मी दातांची डॉक्टर आहे. नसरापूरला हार्डवेअरच्या दुकानावर, वरच्या मजल्यावर माझा दवाखाना आहे आणि घर भोंगवलीला, सासरी. सकाळी स्कूटर काढायची, दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावायचं, दिवेलागणीला परत यायचं, असं बरीच वर्षं चाललं होतं. मोटारीशी माझा संबंध म्हटला तर एवढाच, की घरची एक साधी गाडी होती, ती नवरा शिरवळच्या कारखान्यात घेऊन जायचा आणि सुट्टीच्या दिवशी कधीमधी मी चालवायची. बॉनेट उघडायचा खटका कुठे असतो तेही मला माहीत नव्हतं.

वेल्ह्याकडून एक म्हातारे गृहस्थ माझ्याकडे कवळी बसवून घ्यायला यायचे. पूर्वी बोटीवर इंजिनिअर होते. निवृत्त झाल्यावर गुंजवणीच्या काठाला थोडी जमीन घेऊन एकटेच राहत होते. दोन्ही डोळ्यांनी जवळजवळ दिसेनासं झालं, म्हणून मुलगी त्यांना परदेशात आपल्याकडे न्यायला निघाली होती. शेवटच्या भेटीत मी कवळी घासून बसवली, त्यांनी दात मिटून-उघडून पाहिले आणि म्हणाले, "डॉक्टर, माझ्याकडे एक गाडी आहे. भंगारवाला न्यायला येणार आहे. कापायच्या आधी कुणीतरी ती एकदा नीट बघावी, असं वाटतं."

मी "बरं, बघते" म्हणाले. म्हटल्यावर जाणं भाग होतं. सुट्टीच्या दिवशी नवऱ्याला घेऊन गेले.

पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली ती उभी होती. ताडपत्री ओढल्यावर आधी दोन कोंबड्या बाहेर पळाल्या. मग गाडी दिसली. लांबच लांब नाक, बुटकं छप्पर, खोलगट खोबणीत बसवलेले दोन गोल दिवे. मांजर उडी मारायच्या आधी अंग चोरून बसतं ना, तशी. रंग मूळचा पिवळा असावा. आता दारांच्या वरच्या बाजूला तेवढा उरला होता, खाली सगळा गंज. मागच्या एका दिव्याची काच फुटून गेली होती. काका, म्हणजे ते इंजिनिअर, गाडीवरून हात फिरवत बोलत होते. जपानमध्ये बनलेली. सिंगापूरला काही वर्षं त्यांची किनाऱ्यावरची नोकरी होती तेव्हा घेतलेली, भारतात परत येताना बोटीतून आणलेली. बायकोला शेजारी बसवून ते या गाडीतून थेट मुंबईहून इथवर आले होते. नंतर बायको गेली, सुटे भाग मिळेनासे झाले, आणि गाडी जी उभी राहिली ती राहिलीच.

त्यांनी चाचपून बॉनेट उघडलं. आत उंदरांनी घरं केलेली. मी वाकून बघत राहिले. वरून सगळं किडलेलं, काळं पडलेलं. पण मुळाशी लोखंड जाडजूड, शाबूत होतं. आमच्या कामात असा दात दिसला की हात चिमटा बाजूला ठेवतो. हा उपटायचा नसतो, वाचवायचा असतो.

"मी घेऊ का ही?" मी विचारलं.

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. काकांनीही आवाजाच्या दिशेनं मान वळवली.

"तुम्हाला येतं ह्यातलं?"

"काहीच नाही येत."

काका हसले. नव्या कवळीनं हसताना मी त्यांना प्रथमच पाहत होते. "मलाही नव्हतं येत," म्हणाले, "घेतली तेव्हा."

परतीच्या वाटेवर मार्गासनीच्या पुढे आल्यावर नवरा एवढंच म्हणाला, "ठेवायची कुठे?"

जागा एकच होती. घरामागचा गोठा. सासूबाई जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि त्यांच्या पाठोपाठ आप्पांनी बैल विकून टाकले होते. आप्पा म्हणजे माझे सासरे. त्या दिवसापासून त्यांचं बोलणंही आटलं. जेवायला हाक मारली की यायचे, टीव्हीसमोर बसायचे, पण टीव्हीचा आवाज बंद ठेवायचे. शेत वाट्यानं दिलं होतं. पारावर जाणंही त्यांनी सोडलं होतं. मी दवाखान्यातून आले की विचारायची, "आप्पा, दुपारी काय केलंत?" तर "काय न्हाई," एवढं उत्तर.

"आप्पा, गोठा रिकामाच आहे, तिथं एक जुनी गाडी ठेवली तर चालेल का?" नवऱ्यानं त्यांना विचारलं.

"ठेवा कुठंबी," आप्पा म्हणाले.

टेम्पोतून गाडी आली त्या दिवशी मात्र वेगळंच झालं. ढकलताना मध्ये येतात म्हणून टेम्पोवाल्याच्या माणसांनी गव्हाणीपुढचे दोन खुंटे उपटून उकिरड्याच्या बाजूला फेकले. आप्पा मागच्या दारात उभे होते. चालत गेले, दोन्ही खुंटे उचलले, धोतराच्या सोग्यानं पुसले आणि घरात घेऊन गेले. त्यानंतर मागच्या दाराकडे ते फिरकेनासे झाले. निदान मला तसं वाटत होतं.

गावात बोलणं झालंच. शेजारच्या काकू कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई, ह्यापरीस एखादी गाय घेतली असती. दूध तरी दिलं असतं तिनं."

मी सकाळी लवकर उठून तासभर काम करायची आणि सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत. मोबाईलवर व्हिडिओ बघायचे, एकेक भाग सोडवायचा, फोटो काढून ठेवायचा. अवजड कामाला नसरापूरचे एक मेस्त्री यायचे. एरवी ट्रॅक्टर आणि जीप दुरुस्त करणारे. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "मॅडम, इंजिन जाम आहे. पिस्टन आतल्या आत धरलेत." त्यांनी प्लगच्या भोकांतून डिझेल आणि ऑइल सोडलं. पुढच्या मोठ्या नटाला लांब पाना लावून रोज थोडा थोडा जोर करायचा, असं ठरलं.

"थोडाच," ते बजावून गेले. "रागानं ओढलात तर काहीतरी मोडंल."

मी रोज ओढायची. नट हलायचं नाव घेत नव्हता. पाना खाली ठेवायची, हात धुवायची आणि दवाखान्यात जायची.

तिथे मात्र काम पुढे सरकत होतं. कार्बोरेटर मी काढून दवाखान्यातच नेले होते. त्यांच्यातले पितळी जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या सुईएवढ्या भोकाच्या गुंड्या, वर्षानुवर्षांच्या राळेनं बुजले होते. दाताच्या नसा साफ करायच्या बारीक सुया माझ्याकडे होत्याच. पेशंट नसले की खिडकीपाशी बसून मी एकेक जेट साफ करायची. एकदा एका आजीबाईंनी ट्रेमधल्या त्या पितळी गुंड्या पाहिल्या आणि घाबरून विचारलं, "हे कुणाच्या तोंडातलं गं?"

"गाडीच्या," मी म्हणाले. त्यांनी मानेनं हो म्हटलं, पण खुर्चीत बसताना तोंड घट्ट मिटून घेतलं.

मागच्या फुटक्या दिव्याची काच कुठेच मिळेना. दोन्ही बाजूंच्या काचा सारख्याच होत्या, दुसऱ्या बाजूची शाबूत होती. मग मी कवळीसाठी जसा हिरड्यांचा ठसा घेते, तसाच त्या काचेचा ठसा घेतला आणि कवळीच्याच पारदर्शक साहित्यात लाल रंग मिसळून दुसरी काच ओतली. पहिली वाकडी झाली. दुसरीत बुडबुडे राहिले. तिसरी उन्हात धरली तेव्हा माझ्या ॲप्रनवर लाल गोल पडला. मदतनीस मुलगी म्हणाली, "मॅडम, दात करताना एवढ्या खूश नसता तुम्ही."

एका दुपारी मी एका शेतकऱ्याची अक्कलदाढ काढत होते. दाढ अर्धी वर आलेली, आणि टेबलावरचा मोबाईल वाजायला लागला. थांबला, पुन्हा वाजला. मदतनीस मुलीनं पाहिलं. "घरून आहे, आप्पा."

आप्पांनी आजवर मला कधी फोन केला नव्हता. "स्पीकरवर लाव," मी म्हणाले.

"पोरी," आप्पांचा आवाज दवाखानाभर घुमला, "फिरलं गं त्ये!"

"काय फिरलं आप्पा? तुम्ही बरे आहात ना?"

"मला काय हुतंय! इंजिन फिरलं. पाना लावला, जरासा वढला, आन् करकन वाजून गपकन फिरलं. म्हटलं मोडलं का काय. पर न्हाई, मागं-म्होरं हुतंय आता!"

खुर्चीतला शेतकरी तोंड आ करून माझ्याकडे बघत होता. "आप्पा, आता हात लावू नका, मी आलेच," म्हणाले आणि दाढ पूर्ण काढली. तो माणूस कापसाचा बोळा दाताखाली धरून जाताना म्हणाला, "कंचं इंजिन?"

संध्याकाळी घरी आले तर आप्पा गोठ्यात गव्हाणीच्या कडेवर बसले होते. हाताला काळं लागलेलं. सदऱ्यालाही.

"तुम्ही कधीपासून येताय हितं?" मीही त्यांच्यासारखंच बोलून गेले.

"तू गेलीस की येतो. पयल्यापासून." ते गाडीकडे बघत होते. "बसायला येत हुतो नुसता. तुझी सासू दुपारचं हितंच बसायची की, शेंगा निवडत. मग तू रोज वढून वढून दमतीस, त्ये दिसायचं मला खिडकीतनं. म्हटलं आपुनबी वाईच वढावं. बसल्या बसल्या."

मी त्यांच्या शेजारी बसले. बऱ्याच दिवसांत ते सासूबाईंबद्दल बोलले नव्हते. त्या दिवशी जेवायची वेळ होईपर्यंत बोलले. बैलांची जोडी घ्यायला दोघं म्हसवडच्या बाजाराला गेले होते ते, आणि येताना बैलांनी सासूबाईंच्या नव्या लुगड्याचा पदर कसा खाल्ला ते. बोलता बोलता स्वतःच थांबले, आणि मग विचारलं, "उद्या काय करायचं हिचं?"

तिथून पुढे काम दोघांचं झालं. गंज खरवडायचं काम आप्पांनी स्वतःकडे घेतलं. मी दवाखान्यात गेले की तारेचा ब्रश घेऊन बसायचे. परत आले की कुठवर आलं ते दाखवायचे. तळाचा पत्रा दोन ठिकाणी सडून गेला होता. ट्रॉल्या बनवणाऱ्या एका वेल्डरनं घरी येऊन तुकडे जोडून दिले. आप्पा काळा चष्मा मागून घेऊन वेल्डिंग बघत बसले. शेजारच्या काकू पुन्हा कुंपणाशी आल्या तेव्हा आप्पाच त्यांना म्हणाले, "गायीचं काय घिऊन बसलीस? हिला वैरण लागत न्हाई."

मेस्त्रींनी इंजिनचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उघडलं तेव्हा नवीन अडचण आली. हेडखालचं गॅस्केट, म्हणजे दोन लोखंडांच्या मधला तो पातळ थर, हातात आल्या आल्या भुगा झाला. पुण्यात सगळीकडे शोधलं. कुणी म्हणालं, कापून बनवून घ्या; मेस्त्री नको म्हणाले. शेवटी मी परदेशात काकांना फोन लावला. त्यांच्या मुलीनं त्यांच्या सांगण्यावरून जुन्या गाड्या ठेवणाऱ्या लोकांकडे चौकशी केली आणि जपानमधल्या एका छोट्या दुकानात ते निघालं. मागवलं, आणि मग वाट बघणं सुरू झालं. पाकीट कुठल्या तरी कचेरीत अडकलं. तिथून सुटेना. आम्ही तोवर दारं घासली, पत्र्यातल्या खड्ड्यांत लांबी भरली, पुन्हा घासली. एकदा तर मीच कंटाळून म्हणाले, "आप्पा, राहू दे आता. एवढी झाली तेवढी पुरे. नुसती उभी केली तरी छान दिसेल."

"उभीच करायची हुती तर कोंबड्यांनी काय घोडं मारलं हुतं?" आप्पा म्हणाले आणि घासत राहिले.

एके दिवशी पोस्टमन आला. गॅस्केट एका जपानी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं होतं. मेस्त्रींनी गॅस्केट घेतलं; आप्पांनी वर्तमानपत्र घेतलं. सुरकुत्या हातानं सरळ केल्या, घडी घातली आणि कितीतरी दिवसांनी पारावर गेले. परत आले तेव्हा तजेलदार दिसत होते. "उभं लिवत्यात त्ये लोक," मला सांगू लागले, "वरनं खाली. समद्यांनी बघितलं. कुणालाच वाचता येईना!"

रंगाचा प्रश्न त्यांनीच मिटवला. मी मोबाईलवर निळे, लाल दाखवत होते. त्यांनी दाराच्या आतल्या बाजूचा टिकून राहिलेला मूळ रंग नखानं दाखवला. "हिचा हाय त्योच द्या की."

गाडी पहिल्यांदा सुरू झाली ती सकाळची वेळ होती. नवरा पाळी बदलून घेऊन घरी थांबला होता. मेस्त्रींनी कार्बोरेटरमध्ये थोडं पेट्रोल सोडलं, मी किल्ली फिरवली. ती खोकली, बंद पडली. पुन्हा खोकली. तिसऱ्या वेळी मागून एवढा पांढरा धूर निघाला, की गोठ्यात आम्ही एकमेकांना दिसेनासे झालो, आणि त्या धुरातून खडखडणारा, मग हळूहळू सलग होत जाणारा आवाज आला. आग लागली समजून शेजारच्या काकू हंडा घेऊन धावत आल्या. काकांना फोन लावून मी मोबाईल इंजिनजवळ धरला. बराच वेळ पलीकडून काही आलं नाही.

"काका, ऐकू येतंय का?"

"येतंय. बोलू नका जरा." मग म्हणाले, "एक प्लग नीट पेटत नाहीये. तेवढं बघा." आणि थोड्या वेळानं, "आता राहू द्या चालू. बंद करू नका लगेच."

आम्ही चालूच ठेवली. प्लग दुसऱ्या दिवशी बदलला.

कागदपत्रं, पासिंग, सगळं रीतसर व्हायला आणखी बराच काळ गेला. मग एका सुट्टीच्या दिवशी आप्पा आणि मी भोरला निघालो. आप्पांनी इस्त्रीचा सदरा घातला होता, फेटा बांधला होता. छप्पर बुटकं म्हणून तो काढून मांडीवर ठेवावा लागला. कापूरहोळला हायवे सोडून आम्ही भोरच्या रस्त्याला लागलो. लोक वळून बघत होते. आप्पा सरळ समोर बघत होते, पण ओळखीचं कुणी दिसलं की हात खिडकीबाहेर जायचा.

पुढे एका चढाला तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. फॅनचा पट्टा तुटला होता. गाडी नेमकी वळणावर, रस्त्याच्या मधोमध. मागून एस.टी. आली, तिच्यामागे वाटेत माणसं घेत जाणारी वडाप जीप. हॉर्न सुरू झाले. एस.टी.तून चार-पाच जण खाली उतरले.

"ढकला, बाजूला घ्या!" कुणीतरी म्हणालं.

"स्टेअरिंगवर कोण?" दुसऱ्यानं विचारलं. मी आधीच मागे जाऊन हात लावले होते, आणि आप्पा दरवाजाशी उभे होते.

"आप्पा, तुम्ही बसा आत," मी ओरडले.

"म्या?"

"बसा हो! नुसतं धरा आणि डावीकडं वळवा."

आप्पा बसले. आयुष्यात प्रथमच त्या बाजूला. आम्ही ढकलायला लागलो. चढ संपेपर्यंत गाडी जड होती, मग एकदम हलकी झाली. पलीकडे उतार होता, हे ढकलणाऱ्या कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. गाडी आमच्या हातातून निसटली.

"आप्पा, ब्रेक!"

"कंचा बिरेक?" आतून आवाज आला.

"मधला! मधला दाबा!"

गाडी डावीकडे गेली, मुरमावर चढली, एका बाभळीच्या अलीकडे धूळ उडवून थांबली. मी धावत पोचले तेव्हा आप्पा दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून बसले होते. मला वाटलं, घाबरलेत. मग त्यांचे खांदे हलायला लागले, आणि कळलं की ते हसतायत. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. एस.टी.तले लोकही हसायला लागले. कंडक्टर म्हणाला, "बाबा, आमच्या डेपोत जागा हाय बघा!"

वडापवाल्यानं पुढच्या खेपेला भोरहून तसाच एक पट्टा आणून दिला; पंपाच्या दुकानात मिळाला म्हणे. तो बसवून, पाणी भरून आम्ही भोरला पोचलो. डेपोजवळ गरम भजी खाल्ली. आप्पांनी भजीवाल्याला, शेजारच्या टेबलावरच्या दोघांना आणि नंतर कपडे घ्यायला गेलो त्या दुकानदाराला, सगळी हकीकत सांगितली. प्रत्येक वेळी उतार थोडा वाढत गेला.

आता गाडी बरी चालते. पावसात काचेतून पाणी येतं, घड्याळ बंदच आहे, आणि तिसरा गियर कधी कधी हट्ट करतो. लग्नात नवरदेवासाठी लोक मागायला येतात. आप्पा त्यांना चहा देतात आणि नाही म्हणून सांगतात. स्वतः मात्र पारावरच्या एकेकाला आळीपाळीनं फिरवून आणायला मला सांगतात. परवा शेजारच्या काकू बसल्या. उतरताना म्हणाल्या, "खाली बसल्यावानी वाटतंय, पर लई पळती."

या वर्षी ज्वारी काढून झाल्यावर रान मोकळं पडलं होतं. सकाळी दवाखान्याला निघायच्या आधी आप्पा गाडीची किल्ली हातात घेऊन आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. मी गाडी रानात नेली आणि उतरून पलीकडच्या बाजूला बसले. पहिल्यांदा त्यांनी क्लच असा सोडला की माझं कपाळ समोर आपटायचं राहिलं. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा ती पहिल्या गियरवर धसकटांवरून हळूहळू, कुरकुरत निघाली. बांधापाशी त्यांनी वळवली, पुन्हा दुसऱ्या बांधाकडे निघाले. मला उशीर होत होता, पण मी घड्याळ बघितलं नाही.

"पोरी," आप्पा समोरून नजर न हलवता म्हणाले, "दुसरा टाकू का?"

"टाका," मी म्हणाले.